पानिपत : रसदीच्या अंगाने

‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार मराठीत सर्वनाशाच्या अर्थाने रूढ झाला. त्या पराभवाची मीमांसा करताना आपण बहुधा व्यूहरचना, सरदारांतील बेबनाव आणि विश्वासरावांना लागलेली गोळी यांपाशी थांबतो. भाऊसाहेबांनी गोविंदपंत बुंदेल्यांना लिहिलेली पत्रे मात्र पैसा आणि रसद यांच्या तगाद्याने भरलेली आहेत. ती वाचली की १४ जानेवारी १७६१ हा एका दीर्घ ऱ्हासाचा शेवटचा दिवस वाटू लागतो.

मराठ्यांची रसदव्यवस्था दख्खनच्या भूमीत घडली होती. दसऱ्याला मोहीम, पावसाळ्यापूर्वी परत, हलके घोडदळ आणि मुलखावर निर्वाह, अशी तिची रीत. १७६० च्या मार्चमध्ये उत्तरेकडे निघालेल्या सैन्याबरोबर जड तोफखाना होता, कुटुंबकबिले, यात्रेकरू आणि बाजारबुणगेही होते. सैन्याचे रूप पालटले. ते पोसण्याची रीत तीच राहिली.

ही रीत तपासून पाहण्याची वेळ आल्याच्या खुणा आधीच दिसू लागल्या होत्या. ऑगस्टमध्ये दिल्ली हाती आली, पण तिजोरीत खडखडाट होता. दिवाण-ए-खासचे चांदीचे छत उतरवून नाणी पाडावी लागली. ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा जिंकला, तेथे धान्याचा मोठा साठा मिळाला आणि निकड मागे पडली. असा साठा सैन्याला काही आठवडे तारतो. रोजचा पुरवठा कोठून येणार, या प्रश्नाचे उत्तर त्यात नसते. महिनाअखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना ओलांडून आला आणि मराठ्यांचा दिल्लीकडचा मार्ग तुटला. डिसेंबरमध्ये, अब्दालीची रसद तोडण्याच्या कामगिरीवर असलेले गोविंदपंतच मारले गेले. त्यांच्या तोलाचा दुसरा माणूस दुआबात उरला नव्हता. नजीबखानाच्या मुलखातून अब्दालीला धान्य मिळत राहिले, इकडे मराठ्यांच्या छावणीत उपासमार सुरू झाली. भुकेने मरण्यापेक्षा लढून मरू, असा आग्रह सरदारांनी आणि शिपायांनी भाऊंपाशी धरल्याचे काशीराजाने नोंदले आहे.

येथे निर्णयाचा क्षण कोणता मानावा? छावणीत उपास पडू लागले, तेव्हा निवड करण्याजोगे फारसे काही उरले नव्हते. खरी संधी कुंजपुऱ्याच्या विजयानंतरच्या थोड्या दिवसांत होती : हाती धान्य होते, मार्ग मोकळा होता आणि दिल्लीतील टंचाईची आठवण ताजी होती. विजयाच्या दिवशी उणिवांचा हिशेब मांडणे कोणत्याही काळात अवघडच असते. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र तो मांडला पाहिजे, नाहीतर पानिपताचे सारे खापर एका दुपारवर फुटत राहील.