बालकक्ष

बालकक्ष : राहत्या घरात लहान मुलांचे झोपणे, खेळणे व संगोपन यांसाठी राखून ठेवलेली आणि त्या उपयोगास अनुरूप अशी सजविलेली खोली. इंग्रजीतून आलेला ‘नर्सरी’ हा शब्द या अर्थाने प्रचलित असला, तरी मराठीत तो रोपवाटिका व बालवाडी या अर्थांनीच अधिक परिचित आहे. बालकक्षाची सजावट ही गृहशोभनाची एक लहानशी शाखा होय. तथापि मुलाकडे पाहण्याची प्रौढांची दृष्टी तिच्यात जितकी स्पष्ट उमटते तितकी घराच्या अन्य भागांत क्वचितच उमटते. ही खोली घराच्या कोणत्या भागात आहे, तिच्यातील सामान कोणाच्या उंचीचे आहे आणि तिच्या भिंतींवरील रंग कशाचा केलेला आहे, या तीन प्रश्नांच्या अनुरोधाने तिचा इतिहास पाहता येतो.

पूर्वपीठिका : मध्ययुगीन यूरोपातील बहुसंख्य घरांत मुलांसाठी वेगळी खोली नसे. एकाच दालनात स्वयंपाक, भोजन व निद्रा हे व्यवहार होत आणि मुलाचे असे स्वतंत्र सामान म्हणजे पाळणा व चालण्यास शिकविणारी चाकांची चौकट एवढेच असे. राजघराण्यांत व सरदारघराण्यांत मात्र दाई व परिचारिका यांच्यासह मुलांची स्वतंत्र दालने असत. फ्रेंच इतिहासकार फिलीप आर्येस (१९१४–८४) याने १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की बाल्य ही आयुष्याची निराळी अवस्था आहे ही कल्पनाच यूरोपात उत्तरकालीन होय. या मताला पुढील संशोधकांनी पुष्कळ आक्षेप घेतले. परंतु मुलांसाठी खास बनविलेल्या वस्तूंचा प्रसार सतराव्या-अठराव्या शतकांपासून वाढत गेला, हे सामान्यतः मान्य आहे. या बदलामागे जॉन लॉक (१६३२–१७०४) व झां झाक रूसो (१७१२–७८) यांच्या शिक्षणविषयक विचारांचा मोठा वाटा आहे. लॉकने १६९३ मधील आपल्या ग्रंथात खेळातून अक्षरओळख करून देण्याचा पुरस्कार केला, तर रूसोने एमिल (१७६२) या ग्रंथात तान्ह्या मुलाला कापडी पट्ट्यांनी घट्ट गुंडाळून ठेवण्याच्या रूढीवर टीका करून त्याच्या मोकळ्या हालचालींचा आग्रह धरला.

इंग्लंडमधील बालकक्ष : बालकक्षाला निश्चित स्वरूप प्राप्त झाले ते एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये. सुखवस्तू कुटुंबांच्या घरांत दिवसाचा व रात्रीचा असे दोन बालकक्ष असत व ते बहुधा वरच्या मजल्यावर असत. वास्तुविशारद रॉबर्ट केर (१८२३–१९०४) याने १८६४ मध्ये सद्‌गृहस्थांच्या निवासस्थानांविषयी लिहिलेल्या ग्रंथात बालकक्षाच्या जागेची चर्चा केलेली आहे. मुलांचा वावर मुख्य दालनांपासून दूर असावा, पण आईला त्यांच्यापर्यंत सहज जाता यावे, असा त्या काळचा सर्वसाधारण दंडक होता. खिडक्यांना गज, शेगडीभोवती उंच जाळी, डुलणारा लाकडी घोडा, बाहुलीघर आणि कात्रणे चिकटविलेला पडदा या तेथील नेहमीच्या वस्तू होत. उरलेले सामान मात्र खालच्या मजल्यावर जुने झालेले व तेथून वर पाठविलेले असे. अशा रीतीने मुलांना स्वतंत्र खोली मिळाली. परंतु कुटुंबाच्या एकत्रित जीवनापासून ती दुरावली आणि आईवडिलांची भेट दिवसातील ठराविक वेळेपुरती राहिली. हे चित्र अर्थातच संपन्न वर्गाचे आहे. कामगारवस्तीत संपूर्ण कुटुंबास एक-दोन खोल्यांत राहावे लागे.

भिंतकागद व चित्रपट्टे : छापील भिंतकागद यंत्रावर तयार होऊ लागल्यामुळे स्वस्त झाले आणि बालकक्षाच्या भिंती रंगीत झाल्या. चित्रकार वॉल्टर क्रेन (१८४५–१९१५) याने लंडनच्या जेफ्री आणि कंपनीसाठी १८७५ मध्ये बडबडगीतांतील पात्रांवर आधारलेला एक भिंतकागद तयार केला. बालकक्षासाठी नामवंत कलावंताने केलेल्या आरंभीच्या आकृतिबंधांपैकी हा एक होय. केट ग्रीनअवे (१८४६–१९०१) हिच्या पंचांगचित्रांवरूनही १८९३ मध्ये भिंतकागद निघाला. पुढे जॉन हॅसल (१८६८–१९४८) व सेसिल ऑल्डिन (१८७०–१९३५) यांचे प्राण्यांचे व ग्रामीण जीवनाचे चित्रपट्टे लोकप्रिय झाले. कागदावर धूळ व जंतू साचतात या भीतीमुळे तैलरंगांत छापलेले, पुसता व धुता येणारे ‘आरोग्यकारक’ भिंतकागदही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत प्रचारात आले. चांगली चित्रे लहानपणापासून दृष्टीसमोर असल्यास मुलाची अभिरुची घडते, ही क्रेनप्रभृती कलावंतांची धारणा होती.

विषारी रंग : या सुंदर भिंतींना एक घातक बाजूही होती. स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ कार्ल व्हिल्हेल्म शेले (१७४२–८६) याने १७७५ च्या सुमारास तयार केलेला हिरवा रंग व त्यानंतर १८१४ मध्ये निघालेला पाचूसारखा तेजस्वी हिरवा रंग ही दोन्ही तांबे व आर्सेनिक (सोमल) यांची संयुगे होती. स्वस्त व न विटणारे असल्याने त्यांचा उपयोग भिंतकागद, कापड, कृत्रिम फुले, इतकेच नव्हे तर खेळणी यांतही होई. रंगाचे कण सुटून धुळीत मिसळत आणि लहान मुले कागद ओरबाडून तोंडात घालीत. १८६२ मध्ये लंडनच्या लाइमहाउस भागात एकाच कुटुंबातील चार मुले थोड्या दिवसांच्या अंतराने दगावली, तेव्हा त्यांच्या डॉक्टराने घरातील हिरव्या भिंतकागदाकडे बोट दाखविले. आर्सेनिकाबाबत वैद्यांनी वारंवार इशारे दिले, तरी अनेक उत्पादक ते दीर्घकाळ नाकारीत राहिले. हस्तव्यवसायांच्या पुनरुज्जीवनाचा अग्रणी विल्यम मॉरिस (१८३४–९६) हाही त्याला अपवाद नव्हता. आर्सेनिकाचे उत्पादन करणाऱ्या डेव्हन परगण्यातील एका खाणकंपनीचा तो १८७५ पर्यंत संचालक होता आणि भिंतकागदाच्या धोक्याची चर्चा ही त्याला अवास्तव भीती वाटे. ब्रिटनमध्ये हे कागद मागे पडले ते मुख्यतः ग्राहकांनी आर्सेनिकविरहित मालाची मागणी केल्यामुळे.

शिशाचा धोका यापेक्षा चिवट ठरला. शिशापासून केलेला सफेता हा तैलरंगाचा मुख्य घटक होता व खिडक्या, दारे, पाळणे आणि खेळणी यांवर तो सर्रास लावला जाई. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे १८९० नंतर मुलांमध्ये शिशाच्या विषबाधेची बरीच उदाहरणे आढळून आली. तेथील नेत्रवैद्य जॉन लॉकहार्ट गिब्सन याने १९०४ मध्ये तिचे मूळ घरांच्या भिंती व व्हरांड्यांचे कठडे यांवरील रंगात असल्याचे दाखवून दिले. उन्हाने भुकटी झालेला रंग मुलांच्या बोटांना लागे व अंगठा चोखताना किंवा नखे चावताना पोटात जाई. क्वीन्सलँड राज्याने १९२२ मध्ये मुलांच्या आवाक्यातील जागी असा रंग लावण्यावर निर्बंध घातले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घरगुती रंगांतील शिशावर देशव्यापी बंदी येण्यास मात्र १९७८ साल उजाडावे लागले. भारतात २०१६ च्या नियमांनुसार घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भाग एवढे मर्यादित करण्यात आले व ते नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. शिसे मुलांच्या वाढत्या मेंदूला अपाय करते व त्याची कोणतीही मात्रा निर्धोक मानता येत नाही. बाळाच्या आगमनापूर्वी खोली रंगविण्यासाठी जुन्या घरातील रंग कोरडाच खरवडल्यास तीच विषारी धूळ हवेत पसरते. म्हणून असे काम गर्भवती स्त्रिया व मुले यांना दूर ठेवून आणि पृष्ठभाग ओला करून करणे इष्ट असते.

स्वीडनमधील कुटुंबगृह : मुलांना वरच्या मजल्यावर ठेवण्याच्या इंग्रजी पद्धतीला वेगळा पर्याय स्वीडनमध्ये पुढे आला. चित्रकार कार्ल लार्सन (१८५३–१९१९) व त्याची पत्नी कारिन (१८५९–१९२८) यांना दालार्ना प्रांतातील सुंडबॉर्न येथे कारिनच्या वडिलांकडून १८८८ मध्ये एक लहान घर मिळाले. वारसाने आलेले जुने सामान त्यांनी लाल, हिरव्या अशा उजळ रंगांनी रंगविले. पडदे, आच्छादने व गालिचे कारिनने स्वतः विणले व भरले, काही सामानाचे आराखडेही तिनेच केले. कार्लने या घराची जलरंगचित्रे १८९९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्यांत मुले केवळ आपल्या खोलीत न दिसता बैठकीत, भोजनाच्या मेजाशी, अंगणात अशी सर्वत्र दिसतात. शिक्षा म्हणून कोपऱ्यात बसविलेले मूलही त्यांत आहे. स्वीडिश लेखिका एलेन के (१८४९–१९२६) हिने याच सुमारास साध्या व सुंदर घराचा पुरस्कार केला आणि १९०० मध्ये विसावे शतक हे बालकाचे शतक ठरावे अशी भूमिका मांडली. सजावटीचा संबंध खर्चाशी नसून वापराशी आहे, हा विचार या घरामुळे दूरवर पसरला.

मुलाच्या मापाची खोली : मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांनी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी पहिले बालगृह उघडले. मुलाला स्वतः उचलता येतील अशा हलक्या खुर्च्या, त्याच्या हाताला येतील अशी बुटकी कपाटे व त्याच्या नजरेच्या उंचीवर लावलेली चित्रे ही त्याची वैशिष्ट्ये पुढे घरांतही स्वीकारली गेली. जर्मनीतील बौहाउस या कलाविद्यालयाने १९२३ मध्ये वायमार येथे गेओर्ख मूख (१८९५–१९८७) याच्या आराखड्यानुसार एक नमुनाघर बांधले. त्यातील बालकक्षावर स्वयंपाकघरातून भोजनगृहामार्गे आईची नजर राहू शके. आल्मा बुशर (१८९९–१९४४) हिने या कक्षासाठी केलेले कपाट विशेष प्रसिद्ध आहे. त्याचे दार उघडले की बाहुल्यांच्या खेळाचा रंगमंच होई, तर त्यातील खोके उलटसुलट ठेवून आसने, मेज किंवा गाडी बनविता येई. मूल मोठे झाल्यावरही हे सामान उपयोगी पडावे, हा त्यामागील हेतू होता. नॉर्वेच्या पेटर ऑप्सविक याने १९७२ मध्ये आणलेली खुर्चीही याच परंपरेतील होय. तिची बैठक व पायफळी मुलाच्या वाढीनुसार खालीवर सरकविता येत असल्यामुळे मूल मोठ्यांच्याच मेजाशी बसू शकते.

महाराष्ट्रातील परंपरा : मराठी घरांत बालकक्ष अशी खोली परंपरेने नव्हती. वाड्यातील बाळंतिणीची खोली उबदार, पण बहुधा काळोखी असे. ती प्रसूतीनंतरच्या काळापुरती वापरली जाई. बारशानंतर मूल माजघरात सर्वांच्या देखत वाढे. तुळईला टांगलेला पाळणा हीच त्याची सजविलेली जागा होती. पाळण्यावर रंगीत चिमण्यांचे चिमणाळे टांगीत. खुळखुळा व पांगुळगाडा हे त्याचे सामान असे. सावंतवाडीची लाखकाम केलेली लाकडी खेळणी अनेक घरांत येत. श्रावणात भिंतीवर लावला जाणारा जिवतीचा छापील कागद हा मुलांशी संबंधित असा भिंतीवरील एक ठळक अलंकार होय. मुलांनी वेढलेल्या जिवतीची पूजा त्यांच्या दीर्घायुष्यासाठी केली जाई. बालमृत्यू नित्याचे असलेल्या काळात तीत शोभेपेक्षा चिंताच अधिक होती. विसाव्या शतकात ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी माँटेसरींची तत्त्वे स्थानिक परिस्थितीत आणली. १९४५ पासून बोर्डी येथे व पुढे कोसबाड येथे त्यांनी परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तूंपासून शैक्षणिक साधने तयार करविली. मुलाच्या मापाची जागा उभारण्यास मोठे घर किंवा महागडे सामान लागत नाही, हे त्यांच्या कार्याने दाखवून दिले.

आधुनिक प्रवृत्ती : रॉबर्ट फँट्‌झ याच्या १९६१ मधील प्रयोगांमुळे तान्ही मुले सपाट रंगापेक्षा आकृतिबंधांकडे अधिक वेळ पाहतात, हे स्पष्ट झाले. मुलीसाठी गुलाबी व मुलासाठी निळा हा संकेत प्राचीन नसून पाश्चात्त्य देशांत तो विसाव्या शतकाच्या मध्यास दृढ झाला व बाजारपेठेने सर्वत्र नेला. १९९२ पासून अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तान्ह्या मुलास उताणे निजविण्याचा सल्ला दिला. पुढे बिछान्यातील मऊ उशा, गाद्या व खेळणी काढून टाकण्याची शिफारसही रूढ झाली. पाळण्याच्या कडांना बांधावयाच्या शोभेच्या गिरद्यांच्या विक्रीवर तेथे २०२२ मध्ये बंदी आली. त्यामुळे आजचा उत्तम बालकक्ष पूर्वीच्या मानाने अधिक मोकळा दिसतो : निर्धोक रंगाच्या व धुता येण्याजोग्या भिंती, भिंतीला पक्की बसविलेली बुटकी कपाटे, पुरेसा उजेड, सपाट व रिकामा बिछाना आणि कुटुंबाच्या वावराशी जोडलेली जागा. लहान घरात स्वतंत्र खोली शक्य नसल्यास बैठकीच्या खोलीतील एक कोपराही या सर्व अटी पुरविणारा बालकक्ष होऊ शकतो.