‘उपेक्षा’ : एका विरळ कन्यानामाचा अर्थ व इतिहास

धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रातील बौद्ध समाजाने आपल्या लेकींना जी नावे दिली, त्यांत मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा ही चार नावे एकाच कुळातली आहेत. चार ब्रह्मविहारांची ही नावे पालीत स्त्रीलिंगी असल्यामुळे मुलींना ती सहज शोभली. तथापि चौघींना सारखे स्वागत लाभले नाही. करुणा हे नाव सर्व समाजांत रूढ आहे; मैत्रीही आता बौद्धेतर घरांत ऐकू येते. मुदिता बेताने आढळते. उपेक्षा मात्र क्वचितच, आणि जेथे आढळते तेथे खुलासा द्यावा लागतो.

असा खुलासा देण्याचा प्रसंग हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावी एका कुटुंबावर आला आहे. (पुसेगाव म्हटले की बहुतेकांना सातारा जिल्ह्यातील, सेवागिरी महाराजांच्या यात्रेचे पुसेगाव आठवते, हे ते नव्हे.) तेथील एका वृद्ध उपासकांनी नातीचे नाव उपेक्षा ठेवले. आता मुलीला शाळेत घालायची वेळ आली, तेव्हा आप्तेष्ट म्हणतात, ‘पोरीला जन्मभर दुर्लक्षित म्हणवून घ्यायचे काय? नाव बदला.’ उपासकांनी आमचे मत विचारले आहे. प्रश्न एका मुलीचा असला तरी उत्तर शोधताना बराच इतिहास धुंडाळावा लागतो.

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘उप’ म्हणजे जवळ आणि ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे. संस्कृत उपेक्षा व पाली उपेक्खा यांची घडण एकच. जवळ राहून पाहणे, पण झडप न घालणे, हा मूळचा आशय. संस्कृत व्यवहारात पाहूनही न पाहिल्यासारखे करणे या अर्थाकडे शब्द झुकला आणि मराठीने तेवढाच अर्थ ठेवून घेतला. पतंजलीच्या योगसूत्रांतही मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा हे चतुष्टय येते. परंतु तेथे एकेका भावनेला एकेक पात्र वाटून दिले आहे आणि उपेक्षेच्या वाट्याला पापी माणूस आलेला आहे. पाली परंपरेत अशी वाटणी नाही. तेथे चारही भावना सर्व प्राण्यांसाठी आहेत, आणि उपेक्खा त्यांपैकी सर्वांत परिपक्व.

इसवी सनाच्या पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी सिंहलद्वीपात ‘विसुद्धिमग्ग’ रचला. त्यात उपेक्खेचे दहा प्रकार सांगितले आहेत. ब्रह्मविहारांच्या विवेचनात त्यांनी प्रत्येक भावनेचा एक दूरचा व एक जवळचा शत्रू दाखविला आहे. उपेक्खेचे दूरचे शत्रू राग म्हणजे आसक्ती आणि पटिघ म्हणजे द्वेष. ते सहज ओळखता येतात. जवळचा शत्रू आहे अञ्ञाणुपेक्खा, अर्थात अज्ञानातून आलेली बेपर्वाई. तो उपेक्खेसारखाच दिसतो, म्हणून अधिक घातक. मराठीत या शब्दाचा जो अर्थ उरला आहे तो नेमका या जवळच्या शत्रूचा आहे! पुसेगावच्या आप्तेष्टांना जे ऐकू येते ते चूक नाही. पण ज्याने नाव ठेवले त्याने शत्रूचे नाव ठेवले नव्हते.

याच ग्रंथात चार ब्रह्मविहारांना आईची उपमा दिली आहे. एका आईला चार मुलगे आहेत. एक तान्हा, एक आजारी, एक ऐन तारुण्यात आलेला, आणि चौथा स्वतःचा व्यवहार समर्थपणे सांभाळणारा. तान्ह्याने वाढावे, आजाऱ्याने बरे व्हावे, तरुणाचे यौवन टिकावे असे तिला वाटते. चौथ्याविषयी मात्र ती कसलीही धडपड करीत नाही. प्रेम आटले म्हणून नव्हे, तर तो आपल्या पायांवर उभा आहे हे तिला ठाऊक आहे म्हणून. बुद्धघोषांच्या दृष्टान्तात चारही मुलगेच आहेत. तेथे मुलगी घालून वाचण्याचे स्वातंत्र्य आम्ही घेतो. संयुत्तनिकायात मल्लिकेला कन्या झाल्याचे ऐकून खिन्न झालेल्या पसेनदी राजाला भगवंतांनी स्त्रीही पुरुषाहून श्रेष्ठ ठरू शकते असे सांगितले आहे, तेव्हा त्याला आधार नाही असे म्हणता येणार नाही.

प्राचीन काळी हे व्यक्तिनाम होते काय? थेरीगाथेत खेमा, सुमना, मेत्तिका, उपसमा आहेत. उपेक्खा नावाची थेरी नाही. म्हणजे हे कन्यानाम जुन्या भिक्खुणीसंघाकडून आलेले नसून आपल्याच काळात घडले आहे. त्याचा उगम १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूर येथील धम्मदीक्षेत शोधावा लागतो. बावीस प्रतिज्ञांपैकी बारावी प्रतिज्ञा दहा पारमितांच्या पालनाची आहे, आणि पाली परंपरेत दहावी पारमी उपेक्खा हीच आहे. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘दि बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिचा अर्थ देताना ती बेफिकिरीहून वेगळी आहे हे आवर्जून नमूद केले, आणि फळाने विचलित न होता प्रयत्न चालू ठेवणे हे तिचे लक्षण सांगितले. या शब्दाचा घात कोठे होईल हे त्यांनी आधीच ओळखले होते.

त्या दिवशी हिंगोलीचा परिसर अजून हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. या भागातील वस्त्यांत त्यापूर्वी धोंडी, दगडी, कचरी अशी नावे होती. मूल जगावे म्हणून ओंगळ नाव ठेवण्याची चाल इतर जातींतही होती, हे खरे. परंतु शूद्राचे नाव जुगुप्सा उत्पन्न करणारे असावे असे मनुस्मृतीचा दुसरा अध्याय सांगतो, आणि त्याच ठिकाणी स्त्रीचे नाव मंगल व दीर्घस्वरान्त असावे असेही म्हणतो. शूद्र स्त्रीने यांतले कोणते पाळायचे, हे स्मृतिकारच जाणोत. मराठवाड्यात तर नावाचा प्रश्न कधीच किरकोळ नव्हता. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ मध्ये झाला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी. मधली सोळा वर्षे नावासाठी लोकांनी काय सोसले ते येथे सांगण्याची गरज नाही.

म्हणून उपेक्षा या नावाची कुचंबणा आम्हांस विशेष जाणवते. ज्या समाजाला मराठी लेखकांनी ‘उपेक्षित’ म्हणून संबोधले, त्याच समाजातील मुलीला हे नाव! पण व्याकरण येथे मदतीला येते. उपेक्षिता ती, जिच्याकडे कोणी पाहत नाही. उपेक्षा म्हणजे पाहण्याची रीत. ती पाहणाराची शक्ती आहे, न पाहिल्या गेलेल्याचे दैन्य नव्हे. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये साताऱ्यात ‘नकोशी’, ‘नकुसा’ अशा नावांच्या २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. ते योग्यच झाले. ‘नकोशी’ हा घरच्यांनी मुलीविषयी दिलेला निकाल असतो. उपेक्षा या नावात तसा निकाल नाही.

नाव विरळ का राहिले, याचे आणखी एक कारण संभवते. ब्रह्मविहारांत उपेक्खेचा क्रम चौथा. आधीच्या तिन्हींत तिसऱ्या ध्यानापर्यंत पोहोचल्यावाचून ती साधत नाही, असे विसुद्धिमग्ग सांगतो. थोरलीला मैत्री नाव देणारे आईबाप चौथ्या मुलीपर्यंत सहसा जात नाहीत. आणि गेलेच, तर चौथी मुलगी म्हणजे नकोशीच, असा तर्क शेजारीपाजारी आधीच करून बसलेले असतात. चौथीचे नाव उपेक्षा ऐकले की त्या तर्काला पुरावा मिळतो. आमच्या मते नावाची खरी अडचण शब्दकोशात नसून येथे आहे.

पुसेगावच्या उपासकांनी नाव बदलू नये. मात्र दाखल्यावर ‘उपेक्खा’ हे पाली रूप लिहून घ्यावे, असे आम्ही सुचवितो. मराठी माणसाला ते अपरिचित वाटेल, अर्थ विचारावासा वाटेल, आणि विचारणाऱ्याला सांगता येते; ‘उपेक्षा’ ऐकणारा मात्र आपल्याला कळले असे समजून पुढे जातो. लिहिणारा कारकून ‘क्ख’ पाहून अडखळेल, कदाचित दुरुस्त करून ‘क्ष’ही लिहील, तेव्हा अर्ज भरताना घरच्या माणसाने शेजारी उभे राहून अक्षर तपासून घ्यावे.