पुढें पंधरा, मागें सव्वीस

मोटारीच्या चाकांत किती हवा असावी, हा प्रश्न वरकरणी इतका क्षुल्लक आहे कीं त्याला कांहीं इतिहास असेल असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. पंपावरच्या पोऱ्यानें नळी लावावी, चारी चाकांत सारखी हवा भरावी, आणि मालकानें आंत बसल्या बसल्या खिडकींतून पैसे द्यावे, एवढाच तो व्यवहार. परंतु अमेरिकेंत १९६० नंतरच्या दशकांत ह्याच व्यवहाराच्या पोटांतून एक मोठा वाद उभा राहिला. तो न्यायालयांत गेला, तेथून सेनेटपर्यंत पोंचला, आणि देशाच्या कायद्यावर आपली खूण ठेवून गेला. त्या वादाच्या मुळाशीं दोन आंकडे होते : पुढच्या चाकांत दर चौरस इंचास १५ पौंड आणि मागच्या चाकांत २६.

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते. ती एकदां तापवून चढविली कीं झिजेपर्यंत तिची विचारपूस करावी लागत नाहीं. हवेच्या टायरचें तसें नाहीं. रॉबर्ट टॉमसन ह्या स्कॉटिश गृहस्थानें १८४५ सालींच त्याचें पेटंट घेतलें होतें. पण ती कल्पना मागें पडली, आणि १८८८ मध्यें बेलफास्टच्या डनलॉप नांवाच्या पशुवैद्यानें मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं ती नव्यानें शोधून काढली. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो शर्यतींत मिशेलिन बंधूंनीं हवेचे टायर मोटारीला लावून दाखविले. तेव्हांपासून मोटार रबरावर नव्हे, तर रबरांत कोंडलेल्या हवेवर चालते असें म्हणावयास हरकत नाहीं. कारण बहुतेक ओझें हवाच उचलते. ती कमी पडली तर टायरच्या बाजू क्षणोक्षणीं दुमडून तापतात आणि कधींतरी फुटतात. ती जास्त झाली तर टायरचा मधलाच पट्टा रस्त्याला टेकतो. एवढें ज्ञान कोणत्याहि गॅरेजांत मिळतें. टायरमधल्या हवेनें गाडी वळतांना ती कशी वागेल हेंहि ठरतें, ही गोष्ट मात्र फारच थोड्यांना ठाऊक होती.

१९५० नंतर अमेरिकेंत युरोपांतल्या लहान गाड्या, विशेषतः जर्मनीची फोक्सवॅगन, खपूं लागल्या. त्यांना उत्तर म्हणून जनरल मोटर्सच्या शेव्हरोले विभागानें १९५९ च्या शरदांत ‘कॉर्व्हेअर’ बाजारांत आणली. एड कोल ह्या कल्पक इंजिनियरचें तें लाडकें अपत्य. यंत्र मागें, तें सहा सिलिंडरांचें, अॅल्युमिनियमचें आणि हवेनें थंड होणारें. म्हणून पाण्याचा रेडिएटर नाहीं. गाडी दिसावयास सुबक होती, हें तिचे शत्रूहि कबूल करीत.

पण यंत्र मागें ठेवल्यामुळें निम्म्याहून बरेंच अधिक वजन मागच्या चाकांवर पडलें. शिवाय मागच्या आंसाचे दोन अर्ध केवळ मधल्या बाजूस बिजागरीसारखे हलत. वेगानें वळतांना बाहेरच्या बाजूचें चाक गाडीखालीं मुडपलें जाण्याचा आणि गाडीची शेपटी एकाएकीं बाहेर फेकली जाण्याचा त्यांत संभव असे. गाडीचें कलणें आवरणारी पुढची पोलादी कांब बसविली असती तर हा दोष पुष्कळ सौम्य झाला असता. सुरुवातीच्या गाड्यांत ती बसविली गेली नाहीं. तिच्या जागीं कंपनीनें हवेची योजना केली. पुढचा टायर मऊ ठेवला कीं तो वळणावर अधिक मुरडतो आणि गाडीचें नाक किंचित् बाहेर जाऊं पाहतें. मागचा टायर घट्ट ठेवला कीं तो आपली वाट तितकी सोडीत नाहीं. दोहोंच्या फरकानें तोल साधतो. म्हणून पुढें १५ आणि मागें २६.

ही युक्ति शास्त्राला धरून होती, आणि मागें यंत्र असलेल्या इतर लहान गाड्यांनाहि असाच कमीअधिक दाब सांगितलेला असे. अडचण शास्त्रांत नव्हती, माणसांत होती. हे आंकडे गाडीबरोबरच्या पुस्तिकेंत छापलेले होते, आणि तसलीं पुस्तकें कोण वाचतें? अमेरिकेंतल्या पंपवाल्याचा हात चारी चाकांत सारखी हवा भरण्याला सरावलेला होता. पंधरा पौंडांचा टायर पाहून ‘हा बसला आहे’ असें वाटून त्यानें सद्भावनेनेंच तो फुगविला असेल, तर त्याला दोष कसा द्यावा? त्यांत आणखी एक मेख होती. हे दाब थंड टायरचे. गाडी चालून तापली कीं तेच १८ आणि ३० होत. लांबच्या प्रवासानंतर दाब मोजून ‘जास्त झाला’ म्हणून हवा सोडणारा काळजीवाहू मालकसुद्धां चुकतच असे.

नोव्हेंबर १९६५ मध्यें राल्फ नेडर ह्या एकतीस वर्षांच्या वकिलानें मोटारींच्या असुरक्षितपणावर पुस्तक लिहिलें. त्याचें पहिलें प्रकरण कॉर्व्हेअरवर होतें. तोंवर कंपनीवर शंभराहून अधिक दावे दाखल झाले होते. ही कांब खर्च वांचविण्यासाठीं गाळली, हा नेडरचा आरोप. आणि कुटुंबाचा जीव पंपावरच्या दाबमापकाच्या कांट्यावर टांगून ठेवण्याचा कारखानदाराला अधिकार काय, हा त्याचा सवाल. कंपनीनें उत्तर देण्याऐवजीं त्याच्यामागें गुप्त पोलीस लावले. तें उघडकीस येतांच मार्च १९६६ मध्यें कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश ह्यांना सेनेटच्या समितीपुढें क्षमा मागावी लागली. सप्टेंबरांत मोटार-सुरक्षिततेचा राष्ट्रीय कायदा झाला. नेडरच्या खाजगी दाव्यांत कंपनीनें १९७० सालीं सव्वाचार लाख डॉलर देऊन तडजोड केली.

आतां दुसरी बाजू. कॉर्व्हेअरला १९६४ च्या नमुन्यापासून ती कांब सर्रास मिळूं लागली होती, आणि १९६५ च्या नमुन्यांत मागची सारी रचनाच बदलली होती. म्हणजे पुस्तक निघालें तेव्हां दोष दूर झालेला होता. १९७२ मध्यें सरकारी खात्यानें परीक्षा करून सांगितलें कीं १९६० ते १९६३ च्या ह्या गाड्या तत्कालीन तशाच इतर गाड्यांहून अधिक धोक्याच्या नव्हत्या. नेडरला तो निर्वाळा मान्य झाला नाहीं. गाडीला मात्र त्याचा उपयोग नव्हता. सुमारें १८ लाख गाड्या काढून १९६९ च्या मे महिन्यांतच तिचा कारखाना थांबला होता. पण सरकारी निर्वाळ्यानें नेडरचा मूळ सवाल निकालांत निघाला, असें म्हणतां येत नाहीं. इतर गाड्याहि तितक्याच वाईट होत्या, हें कांहीं समर्थन नव्हे.

हवेचा प्रश्न पुढें एकदां पुन्हां पेटला. ऑगस्ट २००० मध्यें फायरस्टोननें पासष्ट लाख टायर परत मागविले. त्यांतले बरेचसे फोर्डच्या ‘एक्स्प्लोरर’ गाडीवर होते. फोर्डनें दाब सांगितला होता २६ पौंड. फायरस्टोन म्हणूं लागली, ३० हवा. त्याच वर्षीं झालेल्या कायद्यान्वयें सप्टेंबर २००७ पासून अमेरिकेंत प्रत्येक नव्या हलक्या मोटारींत हवेचा दाब पाहणारें यंत्र सक्तीचें झालें. नेमलेल्या दाबाहून तो पंचवीस टक्क्यांनीं खालीं गेला कीं चालकापुढें पिवळा दिवा लागतो. त्या नियमाला काळजी आहे ती कमी हवेची, जास्त हवेची नव्हे. कॉर्व्हेअरच्या पुढच्या चाकांत कोणी मागच्यासारखे सव्वीस पौंड भरले असते, तर हा दिवा लागलाच नसता.