उसना मतदारसंघ

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर मनोरला मस्तान नाका लागतो. नाक्यावरून पश्चिमेचा रस्ता वीसेक किलोमीटरवरच्या पालघर स्टेशनाकडे जातो आणि पूर्वेचा वाड्याकडे. महामार्गाने उत्तरेला निघालं की मेंढवणची खिंड ओलांडून डहाणूची हद्द गाठता येते, दक्षिणेला निघालं की वसई-विरारच्या इमारती. ट्रकवाल्यांना हा नाका डिझेल आणि जेवणासाठी माहीत. निवडणुकीच्या नकाशावर मात्र याच नाक्याच्या आसपास गेल्या सत्तर वर्षांत इतक्या रेघा ओढल्या आणि खोडल्या गेल्या आहेत, की इथल्या एखाद्या म्हाताऱ्या मतदाराला आजवरचे आपले सगळे खासदार सांगता आले तर त्याच्या स्मरणशक्तीचं कौतुकच करायला हवं. आजही वाड्याच्या रस्त्याला लागलेला माणूस जिल्हा न सोडता दुसऱ्या लोकसभा मतदारसंघात पोचू शकतो, कारण पालघर जिल्ह्याच्या वाडा तालुक्यातली बरीच गावं मतदानाला भिवंडीत मोडतात.

हद्दीवर असणं मनोरला नवं नाही. वैतरणेच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर होड्या इथवर येत, म्हणून हे नदीवरचं बंदर. शेजारच्या अशेरीगडासह हा मुलूख सोळाव्या शतकात पोर्तुगीजांकडे गेला आणि चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेच्या काळात मराठ्यांकडे आला. इंग्रजी अमलात तो ठाणे जिल्ह्याच्या माहीम तालुक्यात होता. पुढे कचेरी किनाऱ्यावरच्या केळवे-माहीमहून रेल्वे स्टेशनाजवळ आली आणि तालुक्याचंही नाव पालघर झालं.

स्वतंत्र भारतात पहिल्या दोन निवडणुकांत ठाणे हा द्विसदस्य लोकसभा मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी आदिवासींसाठी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतं असत, मात्र दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. १९५२ साली दोन्ही जागा काँग्रेसने घेतल्या. १९५७ साली चित्र पार उलटलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत कम्युनिस्ट पक्षाचे शामराव परुळेकर सर्वसाधारण जागेवर आणि त्यांच्याच पक्षाचे लक्ष्मण महादू माटेरा राखीव जागेवर निवडून आले.

पण सगळं श्रेय लाटेला देणं अन्यायाचं होईल. परुळेकर दांपत्याने या भागात बारा वर्षं आधीच जमीन नांगरून ठेवली होती. १९४५ च्या मे महिन्यात उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावी वारल्यांची परिषद झाली आणि वेठ व लग्नगडी या पद्धतींविरुद्ध लढा पेटला. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतले, म्हणून नवरा-बायको दोघांनी जन्मभर त्याच्या घरी राबायचं, अशी ती रीत. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगड याच्यासह माणसं मेली. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक याच दिवसांवरचं; १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९५७ ची मतपेटी उघडली तेव्हा त्यातून या लढ्याची मतंही निघाली.

द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने रद्द झाले आणि जिल्ह्याची वाटणी झाली. १९६२ साली भिवंडीतून काँग्रेसच्या तिकिटावर यशवंतराव मार्तंडराव मुकणे निवडून आले. हे जव्हार संस्थानचे शेवटचे राजे. मुकणे घराणं महादेव कोळी, म्हणजे अनुसूचित जमातीचं. त्यामुळे संस्थान १९४८ साली विलीन झालं, तरी आदिवासींसाठी राखीव असलेल्या जागेवरून राजेसाहेबांना लोकसभेत जाता आलं. १९६७ साली डहाणू हा नवा राखीव मतदारसंघ झाला आणि त्याचे पहिले खासदारही मुकणेच. ज्या जिल्ह्याने वेठबिगारीविरुद्ध लढणारे कम्युनिस्ट निवडून दिले, त्यानेच पाच वर्षांनी राजा निवडून दिला. विसंगती वाटेल, पण जव्हार-मोखाड्याकडे राजघराण्याचा मान तेव्हा खरोखरच होता, आणि काँग्रेसची यंत्रणा त्याला जोडलेली होती.

मधल्या काळात राज्याचीच सीमा हलली होती. १ मे १९६० रोजी उंबरगाव तालुक्यातली ४७ गावं आणि तीन शहरं गुजरातेत गेली. उरलेली २७ गावं आधी डहाणू तालुक्याला जोडली आणि १९६१ साली त्यांचा तलासरी महाल केला. वारली लढ्याचा तालुका असा दोन राज्यांत वाटला गेला. तलासरीत लाल बावटा पुढेही टिकला. १९७१ साली काँग्रेसचे लक्ष्मण काकड्या दुमाडा डहाणूतून निवडून आले, आणि १९७७ साली मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे लहानू शिडवा कोम. त्यानंतर दामोदर बारकू शिंगडा यांचा काळ सुरू झाला. १९८०, १९८४, १९८९ आणि १९९१ अशा सलग चार निवडणुका त्यांनी काँग्रेससाठी जिंकल्या. १९९६ साली भाजपचे वकील चिंतामण वनगा निवडून आले, १९९८ साली काँग्रेसचे शंकर नम, १९९९ साली पुन्हा वनगा आणि २००४ साली पुन्हा शिंगडा.

१९७७ पासूनच्या या धामधुमीत पालघर विधानसभा मतदारसंघ मात्र डहाणू लोकसभेत नव्हता. तो होता उत्तर मुंबईत!

याचं कारण साध्या भागाकारात आहे. महाराष्ट्रात लोकसभेच्या ४८ आणि विधानसभेच्या २८८ जागा, म्हणजे एका खासदारामागे सहा आमदार. मुंबईच्या वाट्याला लोकसभेच्या सहा जागा, म्हणजे विधानसभेचे ३६ मतदारसंघ हवेत. पण तेव्हाच्या मुंबईत ते ३४ च होते. दोन कमी पडले. मग पश्चिम रेल्वेच्या रुळांवरून वर जात वसई आणि पालघर हे ठाणे जिल्ह्यातले दोन मतदारसंघ उत्तर मुंबईला जोडले. हिशेब बसला. उलट बाजूने भिवंडीसारखं यंत्रमागांचं शहर डहाणूच्या आदिवासी राखीव जागेत गेलं, म्हणजे जव्हारचा शेतमजूर आणि भिवंडीचा कामगार यांचा खासदार एक, तर पालघरच्या बागायतदाराचा आणि बोरिवलीच्या नोकरदाराचा एक.

ही उसनवारी तीस वर्षं चालली. १९७७ साली उत्तर मुंबईतून मृणाल गोरे लोकसभेत गेल्या, नंतर रवींद्र वर्मा आणि अनूपचंद शाह. १९८९ पासून सलग पाच वेळा राम नाईक जिंकले. त्यांचं राजकारण बोरिवलीत घडलेलं, पण मतदारसंघाचं दुसरं टोक त्यांनी वाऱ्यावर सोडलं नाही हे मान्य करायला हवं. तारापूर अणुऊर्जा प्रकल्पाच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी उठवलेल्या पोफरण आणि अक्करपट्टी या गावांच्या पुनर्वसनाचा प्रश्न त्यांनी उच्च न्यायालयात लढवला, आणि खासदारकी गेल्यावरही सोडला नाही. २००४ साली नट गोविंदाने त्यांना सुमारे ४८ हजार मतांनी हरवलं. ‘विरारचा पोरगा’ म्हणून गोविंदाचा प्रचार झाला आणि वसई-विरारमध्ये तिथले नेते हितेंद्र ठाकूर यांचं बळ त्याच्या मागे होतं. मुंबईच्या एका जागेचा निकाल ठरवण्यात जिल्ह्याबाहेरच्या वसईचा हात होता, ही उसनवारीची दुसरी बाजू.

याच काळात पालघर विधानसभेची जागा खुली होती. शिवसेनेच्या मनीषा निमकर इथून आमदार झाल्या, राज्यमंत्रीही झाल्या. बोईसरला तारापूर औद्योगिक वसाहत वाढली, १९६९ साली सुरू झालेल्या अणुवीज केंद्रामागोमाग देशभरातली माणसं इथे आली, आणि किनाऱ्यावरचे वाडवळ, मांगेले, भंडारी, पूर्वेचे वारली, मल्हार कोळी आणि कारखान्यांतले परप्रांतीय असे एकाच मतदारयादीत आले.

मग आली कुलदीप सिंग आयोगाची पुनर्रचना. २००१ च्या जनगणनेवर आधारलेली ही नवी रचना फेब्रुवारी २००८ मध्ये लागू झाली. ठाणे जिल्ह्यातले विधानसभा मतदारसंघ १३ वरून थेट २४ झाले. लोकसंख्या किती फुगली होती ते यावरूनच कळतं. मुंबईचे ३६ झाले. आता तिला कोणाकडून काही उसनं घ्यायची गरज उरली नाही, म्हणून वसई-पालघर परत आले. डहाणू लोकसभा मतदारसंघ संपला आणि पालघर हा नवा, अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ जन्माला आला. त्यात डहाणू, विक्रमगड, पालघर, बोईसर, नालासोपारा आणि वसई हे सहा विधानसभा मतदारसंघ. पहिले चार राखीव, शेवटचे दोन खुले. जिल्हा म्हणून पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला, म्हणजे मतदारसंघ जिल्ह्याहून सहा वर्षांनी मोठा.

मनोर बोईसर मतदारसंघात गेलं. नाव बोईसरचं असलं तरी हा मतदारसंघ पालघर तालुक्यातून महामार्गाच्या आधाराने खाली उतरत वसई तालुक्याच्या पूर्वपट्टीत शिरतो. एका टोकाला औद्योगिक वसाहत, मध्ये पाडे आणि भातखाचरं, दुसऱ्या टोकाला महापालिकेच्या हद्दीतल्या चाळी. इथे २००९ आणि २०१४ साली ठाकूरांच्या बहुजन विकास आघाडीचे विलास तरे, २०१९ साली त्याच आघाडीचे राजेश पाटील निवडून आले, आणि २०२४ साली पुन्हा तरे, पण शिवसेनेकडून. विरारमध्ये वाढलेल्या पक्षाचा आमदार मनोरला सलग तीन वेळा मिळाला, याचं श्रेय नेत्यांच्या करामतीइतकंच २००८ च्या रेघेला द्यायला हवं.

लोकसभेलाही तेच झालं. २००९ साली पालघरचे पहिले खासदार बहुजन विकास आघाडीचे बळीराम जाधव झाले. वसई-नालासोपाऱ्याच्या मतांनी त्यांना तारलं आणि वनगा बारा हजारांच्या आसपास मतांनी पडले. २०१४ साली वनगांनी त्याची सव्याज परतफेड केली.

३० जानेवारी २०१८ रोजी वनगांचं दिल्लीत निधन झालं, आणि त्यानंतरची पोटनिवडणूक म्हणजे पालघरच्या राजकारणाचा कळसच. वनगांचे चिरंजीव श्रीनिवास शिवसेनेकडून उभे राहिले. भाजपने काँग्रेसचे माजी आमदार आणि माजी राज्यमंत्री राजेंद्र गावित यांना पक्षात घेऊन उमेदवारी दिली. राज्यात सत्तेत एकत्र असलेले दोन पक्ष इथे एकमेकांवर तुटून पडले. २८ मे रोजी मतदान झालं. गावितांना २,७२,७८२, वनगांना २,४३,२१०, जाधवांना २,२२,८३८ मतं. मार्क्सवादी पक्षाच्या किरण गहला यांना जवळपास ७२ हजार, आणि पाच वेळा खासदार राहिलेल्या शिंगडांना ४८ हजारही नाहीत. त्यांची अनामत गेली.

पुढच्याच वर्षी युतीत ही जागा शिवसेनेकडे गेली. जागेबरोबर गावितही गेले, आणि धनुष्यबाणावर निवडून आले. श्रीनिवास वनगांना पालघर विधानसभा मिळाली. २०२४ साली जागा परत भाजपकडे आली तेव्हा उमेदवारी मिळाली डॉ. हेमंत सवरा यांना. वाड्याचे अनेक वर्षांचे आमदार, माजी आदिवासी विकासमंत्री विष्णू सवरा यांचे ते पुत्र. ते एक लाख ८३ हजारांच्या फरकाने जिंकले. गावित आधी भाजपमध्ये, मग शिवसेनेत जाऊन पालघरचे आमदार झाले, आणि उमेदवारी कापली गेलेले वनगा काही दिवस कोणाच्याच संपर्कात नव्हते. पंधरा वर्षांत काँग्रेस, भाजप, शिवसेना, पुन्हा भाजप, पुन्हा शिवसेना असा गावितांचा प्रवास. मतदारांनी तो फारसा मनावर घेतलेला दिसत नाही.

पक्षांतरापेक्षा गंभीर गोष्ट पाण्याची आहे. सूर्या नदीवरचं धामणी धरण बांधलं तेव्हा डहाणू, पालघर, विक्रमगडच्या शेतीला पाणी मिळेल असं सांगितलं गेलं. नंतर ते पाणी वसई-विरारकडे वळलं, आणि आता ४०३ दशलक्ष लिटरच्या प्रादेशिक योजनेत मिरा-भाईंदरकडेही. धरणाखालच्या शेतकऱ्यांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षं आंदोलनं केली. पाणी गमावणारा शेतकरी आणि तेच पाणी पिणारा नालासोपाऱ्याचा भाडेकरू, दोघांचा खासदार एकच. त्याने कोणाची बाजू घ्यायची? मतांची बेरीज केली तर उत्तर अवघड नाही. नालासोपाऱ्यात पाच लाखांहून अधिक मतदार, डहाणूत तीन लाखांच्या आसपास. लोकसभेच्या राखीव जागेवर निवडून येणारा खासदार आदिवासी असतो, पण त्याला निवडून देणाऱ्या दोन मोठ्या वस्त्या, नालासोपारा आणि वसई, खुल्या मतदारसंघांतल्या आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात अनुसूचित जमातींचं प्रमाण ३७ टक्क्यांच्या वर होतं, आणि दक्षिणेची शहरं तेव्हापासून थांबलेली नाहीत.

लोकसभेच्या जागांची राज्यवार संख्या ८४ व्या घटनादुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे. त्यानंतरच्या पुनर्रचनेत नालासोपाऱ्याचे तुकडे करावेच लागतील, आणि एक तुकडा वाढला की शेजारच्या प्रत्येकाची हद्द सरकते. राखीव जागा आदिवासींचं प्रमाण जिथे जास्त तिथे जाते, हा आयोगाचा नियम. तो लावला तर दक्षिणेकडची शहरं सोडून जव्हार-मोखाडा-डहाणूला पुन्हा वाडा-शहापूरशी जोडण्याची मागणी पुढे येऊ शकते, आणि जुन्या डहाणूचा नकाशा नव्या नावाने परतू शकतो. आयोग आपला मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवतो, स्थानिक खासदार-आमदारांपैकी काहींना सहयोगी सदस्य म्हणून बोलावतो, पण त्यांना मताचा अधिकार नसतो, आणि अंतिम आदेशाला न्यायालयात आव्हान देता येत नाही. मनोरचं महसूल मंडळ बोईसरकडे राहील, विक्रमगडकडे जाईल की आणखी कुठे, ते त्या आदेशाच्या परिशिष्टातली एक ओळ ठरवेल.