पश्मी : मराठवाड्याचा श्वान, मुधोळचे नाव

१/ जनावरांची नावे हीसुद्धा इतिहासाची साधने असतात. नांदेड जिल्ह्यातील कंधारने 'लाल कंधारी' गोवंशाला नाव दिले. लातूर जिल्ह्यातील देवणीने 'देवणी'ला. याच मुलखात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या एका देखण्या शिकारी श्वानाच्या नावात मात्र इथले एकही गाव नाही. आजचा धागा त्या 'पश्मी'विषयी.

२/ उंच पाय, निमुळते तोंड, खोल छाती, आत ओढलेले पोट. अंगावरचे केस आखूड. पण कान, शेपटी आणि पायांची मागची बाजू यांवर रेशमी झालर. 'पश्म' म्हणजे फारसीत लोकर. 'पश्मिना' त्याच शब्दापासून आला. बिनझालरीचा भाऊ तो 'कारवान'. कारवाँ म्हणजे तांडा. तांड्यांबरोबर आलेला म्हणून कारवान, असे सांगितले जाते.

३/ मग हा श्वान पश्चिम आशियातून आला का? तिकडच्या 'सलुकी'तही झालरीचा आणि बिनझालरीचा असे दोन प्रकार आहेत, बांधाही मिळताजुळता आहे. तरीही सावध राहावे. १३४७ मध्ये बहमनी सत्ता स्थापन झाल्यानंतर फारसी ही शतकानुशतके दख्खनच्या दरबारांची भाषा होती. स्थानिक प्राण्यालाही फारसी नाव मिळू शकते. शब्दाचे मूळ म्हणजे रक्ताचे मूळ नव्हे.

४/ झालरीची किल्ली विज्ञानाकडे आहे. कुत्र्यांत आणि मांजरांतही लांब केस बहुधा 'एफजीएफ-५' या जनुकातील बदलामुळे येतात. हा गुण अप्रभावी असल्याने आखूड केसांच्या जोडीलाही लांब केसांचे पिल्लू होऊ शकते. म्हणजे केवळ झालर पाहून पश्मीला परके ठरवता येत नाही.

५/ आता नावाकडे. मुधोळ हे घोरपडे घराण्याचे संस्थान. तिथले राजे मालोजीराव यांनी बेडर समाजाकडील शिकारी कुत्री पाहून त्यांची पैदास हाती घेतली आणि एक जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिली, अशी प्रसिद्ध कथा आहे. राजाश्रय लाभला, तसे 'मुधोळ हाउंड' हे नाव रुजले. २००५ मध्ये ते टपाल तिकिटावरही झळकले.

६/ लातूर-नांदेड तेव्हा निजामाच्या राज्यात. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत दरबार दूर हैदराबादेत. इथला पश्मी राजवाड्यात नव्हे, तर शेतकऱ्याच्या आखाड्यावर आणि मेंढपाळाच्या वाड्यावर वाढला. त्याची वंशावळ कागदावर नव्हे, माणसांच्या आठवणीत राहिली. चाकूर तालुक्यातील जानवळ आजही या श्वानांसाठी ओळखले जाते.

७/ याचा परिणाम आजही दिसतो. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने नोंदवलेल्या पहिल्या तीन श्वानजातींत राजापलयम, चिप्पीपराई आणि मुधोळ हाउंड आहेत. लाल कंधारी आणि देवणी याच संस्थेच्या गोवंश यादीत स्वतःच्या नावाने आहेत. पश्मी मात्र मुधोळच्या सावलीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे कामही संपले. काम गेले आणि स्वतंत्र नोंदही नाही, अशा प्राण्याला टिकवायचे ते केवळ पाळणाऱ्याच्या हौसेने.

८/ त्या हौसेचे दर्शन लोहा तालुक्यातील माळेगावच्या यात्रेत घडते. घोडे, गाढवे, उंट यांच्या बाजारासाठी गाजलेल्या या यात्रेत श्वानांचेही प्रदर्शन भरते. यात्रा खंडोबाची, आणि खंडोबाच्या मूर्तीजवळ कुत्रा असतोच. पश्मीचा मान ठेवायला याहून योग्य जागा कोणती?

९/ मुधोळचे श्रेय कमी करण्याचे कारण नाही; त्यांनी नोंद ठेवली म्हणून ते नाव टिकले. उरलेली नोंद आपण करायची आहे. तुमच्या गावात पश्मी असेल, तर घरातल्या आजोबांना विचारा : त्याची आई कोणाच्या आखाड्यावरची? तिची आई कुठल्या गावची? उत्तर वहीत तारखेसह लिहून ठेवा. मराठवाड्याच्या पश्मीची वंशावळ तिथूनच कागदावर येऊ लागेल.