बालसेप्सिस : आजारानंतरचा आधार

जंतुसंसर्गाला तोंड देताना शरीराचा प्रतिसाद बिघडतो आणि स्वतःच्याच अवयवांना जिवावर बेतेल अशी इजा करतो, त्या अवस्थेला सेप्सिस म्हणतात. मुलांमध्ये तिची सुरुवात न्यूमोनिया, अतिसार, मेंदूज्वर, मूत्रमार्गाचा संसर्ग, चिघळलेली जखम किंवा नवजात बाळाची पिकलेली नाळ अशा कोठूनही होऊ शकते. जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिनिक्स निकषांनुसार, संसर्गाचा संशय असलेल्या मुलाच्या श्वसन, रक्ताभिसरण, रक्त गोठणे आणि मेंदूचे कार्य या चार बाबींतील बिघाडाला गुण देतात. बेरीज दोन किंवा अधिक झाली की सेप्सिसचे निदान होते. जन्मल्यापासून रुग्णालयातच असलेली आणि अपुऱ्या दिवसांची बाळे या निकषांतून वगळली आहेत. प्रस्तुत नोंदीचा विषय मात्र निदानाच्या व अतिदक्षता विभागाच्या पुढचा आहे. वाचलेल्या मुलाला आणि त्याच्या घरच्यांना नंतर कशाला सामोरे जावे लागते, त्यांना कोणता आधार लागतो, आणि घरी सोडल्यानंतरचे पहिले वर्ष हा उपचाराचाच भाग का मानला पाहिजे, याचे विवेचन येथे केले आहे.

या प्रश्नाची व्याप्ती मोठी आहे. २०२० साली ‘द लॅन्सेट’मध्ये आलेल्या जागतिक अंदाजानुसार २०१७ या एका वर्षात सेप्सिसचे सुमारे ४ कोटी ८९ लाख रुग्ण होते, त्यांपैकी जवळपास २ कोटी पाच वर्षांखालील मुले होती आणि त्यांतील सुमारे २९ लाख दगावली. म्हणजे मरण पावलेल्या प्रत्येक बालकामागे वाचलेली अनेक बालके होती. २०१७ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने सेप्सिसचा प्रतिबंध, निदान व उपचार सुधारण्याचा ठराव केला. तेव्हापासून लवकर ओळख, वेळेवर प्रतिजैविके, सलाइन व प्राणवायू यांवर योग्य तो भर आला आहे. या प्रयत्नांना यश येईल तसतशी वाचणाऱ्या मुलांची संख्या वाढत जाईल. त्यांच्यासाठी पुढची व्यवस्था नसेल, तर ते यश अर्धवटच राहील.

वाचलेल्या मुलात काय मागे राहते, याचा सर्वांत नेमका पुरावा अमेरिकेतील १२ बालअतिदक्षता विभागांत झालेल्या ‘लॅप्स’ या अभ्यासातून मिळतो. त्यात रुग्णालयाबाहेर लागण होऊन सेप्टिक शॉकमध्ये गेलेल्या ३८९ मुलांचा पाठपुरावा केला होता. २०२० मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, वाचलेल्यांपैकी सुमारे ३५ टक्के मुलांची आरोग्यविषयक जीवनगुणवत्ता एका वर्षानंतरही आजारापूर्वीच्या पातळीवर आलेली नव्हती. नवजात बाळांबाबत २००४ चा एक मोठा अमेरिकी अभ्यास बोलका आहे : जन्मतः एक किलोपेक्षा कमी वजनाच्या ६,०९३ बालकांत ज्यांना संसर्ग झाला होता, त्यांची वाढ आणि मेंदूचा विकास दीड-दोन वर्षांच्या वयात संसर्ग न झालेल्यांच्या तुलनेत मागे होता. प्रत्यक्षात हे नुकसान अनेक रूपांत दिसते. स्नायू झिजल्यामुळे पूर्वी धावणारे मूल उकिडवे बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठू शकत नाही. दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतात. मेंदूज्वरामुळे किंवा जेंटामायसिन-अमिकासिनसारख्या औषधांमुळे ऐकू कमी येते. पाढे येणारे मूल गोंधळते, वर्गात लवकर थकते, रात्री दचकून उठते, सुई किंवा पांढरा कोट पाहताच रडते. यांतील पुष्कळसे त्रास रुग्णालयातून घरी सोडण्याच्या दिवशी डॉक्टरांना दिसतही नाहीत, कारण मूल तेव्हा नुकतेच बसायला-जेवायला लागलेले असते आणि त्याच्याकडून इतक्यात कोणी अधिक अपेक्षाही करत नाही.

दुसरा पुरावा अधिक गंभीर आहे. युगांडात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या, गंभीर संसर्गाने दाखल झालेल्या १,३०७ मुलांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील सुमारे पाच टक्के रुग्णालयात दगावली आणि बरी म्हणून घरी पाठवलेल्यांपैकी जवळजवळ तितकीच पुढील सहा महिन्यांत गेली. घरी गेल्यावरचे दोन तृतीयांश मृत्यू कोणत्याही आरोग्यकेंद्राबाहेर झाले. दंडाचा घेर कमी असणे, रक्तातील प्राणवायू कमी असणे, शुद्ध हरपलेली असणे, एचआयव्हीची बाधा आणि याआधी रुग्णालयात राहिल्याचा इतिहास, यांवरून कोणत्या मुलाला अधिक धोका आहे हे पुष्कळ अंशी आधीच सांगता येते, असेही या अभ्यासाने दाखवले. त्यातील बहुतेक माहिती दाखल करतेवेळी टेप, ऑक्सिमीटर आणि चार प्रश्न यांतून मिळते. दारिद्र्य व कुपोषण असलेल्या प्रदेशात पाठपुरावा हा पुनर्वसनाचा प्रश्न आहेच, पण त्याआधी तो जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे.

कुटुंबाची झळ वेगळी मोजावी लागते. बालअतिदक्षता विभागातून गेलेल्या मुलांच्या पालकांवरील अभ्यासांचा २०१२ मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा साधारण १० ते २१ टक्के पालकांत आघातोत्तर ताणविकार आढळल्याचे दिसले. काही लक्षणे असणाऱ्यांचे प्रमाण याहून कितीतरी जास्त होते. २०१८ मध्ये मांडलेल्या ‘बाल-अतिदक्षतोत्तर लक्षणसमूह’ या संकल्पनेत म्हणूनच आई-वडील आणि भावंडे यांचाही समावेश केला आहे. आपल्याकडे यात आणखी भर पडते : बुडालेली मजुरी, काढलेले कर्ज, गहाण ठेवलेले दागिने, आजीकडे किंवा शेजाऱ्यांकडे राहिलेले दुसरे मूल, आणि ‘आईचेच दुर्लक्ष झाले’ हा सहज फेकला जाणारा ठपका. सेप्सिस काही तासांत बळावू शकतो आणि त्याची सुरुवात साध्या तापासारखी दिसते, हे डॉक्टरांनी घरातल्या सर्वांसमोर स्पष्ट सांगणे हाही एक उपचारच आहे. ज्या घरातले मूल गेले, त्या घरालाही हेच स्पष्टीकरण आणि काही आठवड्यांनी पुन्हा बोलण्याची संधी मिळायला हवी.

आधाराचा पाया म्हणजे रुग्णालयातून मिळणारा सुटीचा कागद, म्हणजे डिस्चार्ज कार्ड. त्यावर बहुधा मूळ संसर्गाचे नाव व औषधांची यादी असते. सेप्सिसचा उल्लेख राहून जातो आणि मग पुढच्या डॉक्टरला धोका कळत नाही. कार्डावर सेप्सिस झाल्याची नोंद, बाधित अवयव, व्हेंटिलेटरवरचे दिवस, कानाला अपाय करू शकणारी औषधे, सुटीच्या वेळचे वजन, श्रवणचाचणीची व पुढील तपासणीची तारीख, राहिलेल्या लसी आणि धोक्याची लक्षणे मराठीत लिहिलेली असावीत. ब्रिटनच्या नाइस संस्थेची मेंदूज्वराविषयीची २०१० ची मार्गदर्शिका येथे नमुना ठरते : श्रवणचाचणी शक्यतो घरी सोडण्यापूर्वी, नाहीतर मूल चाचणीयोग्य झाल्यापासून चार आठवड्यांत, आणि बालरोगतज्ज्ञांची भेट चार ते सहा आठवड्यांत. त्या भेटीत वजन, चालणे, बोलणे, झोप व वागणूक पाहावी, आणि आईची झोप व मनःस्थितीही विचारावी. शाळेसाठी एक चिठ्ठी द्यावी : काही आठवडे अर्धा दिवस शाळा, खेळाच्या तासाला सक्ती नको, बसायला पुढचा बाक, चाचणीला जादा वेळ.

महाराष्ट्राला हे काम शून्यापासून सुरू करायचे नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाचा सेप्सिस ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यायला शिकवले. या घरोघरच्या नवजात बालसेवेमुळे तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. दूध ओढणे मंदावले, रडणे क्षीण झाले, हातपाय लुळे पडले, अंग गार किंवा गरम लागले, छातीखाली खळगा पडू लागला, पोट फुगले, नाळेला पू आला, ही लक्षणे डॉक्टर नसलेल्या व्यक्तीलाही टिपता येतात हे त्यातून सिद्ध झाले. पुढे देशभर आशा कार्यकर्तीच्या भेटी सुरू झाल्या : रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी, आणि २०१८ पासून ३, ६, ९, १२ व १५ व्या महिन्यांत. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा मुले तपासतात आणि विकासातील विलंबासाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. उणीव आहे ती जोडणीची. या भेटी वयाच्या हिशेबाने ठरतात, आजाराच्या हिशेबाने नाही. तीन वर्षांचे मूल सेप्सिसमधून उठून घरी आले, तर आशाताईला ते कळवण्याची ठरलेली वाट नाही आणि पुढची अंगणवाडी तपासणी पाच महिन्यांवरही असू शकते.

या भूमिकेवर काही आक्षेप घेतले जातात. मुले चिवट असतात, आपोआप सावरतात, हा पहिला. बहुतेक मुले सावरतात हे खरेच आहे. पण तिघांपैकी एक सावरत नसेल, तर ते मूल कोणते हे पाहिल्याशिवाय कळणार नाही. दुसरा आक्षेप असा की, दोष सेप्सिसचा नसून मुलाच्या आधीच्या आजारांचा असावा. ‘लॅप्स’मध्ये प्रत्येक मुलाची तुलना त्याच्याच पूर्वीच्या स्थितीशी केली होती, त्यामुळे जुन्या आजारांकडे सगळे बोट दाखवता येत नाही. मात्र सेप्सिसचा वाटा किती आणि अतिदक्षता विभागातल्या दिवसांचा किती, हे त्यातून वेगळे काढता येत नाही, हेही मान्य केले पाहिजे. मदतीची गरज त्याने कमी होत नाही. मुलाची दुर्बलता कारणाच्या वाटणीवर अवलंबून नसते. तिसरा आक्षेप साधनांच्या तुटवड्याचा : खाटा व डॉक्टर पुरत नाहीत, तेथे पाठपुरावा ही चैन आहे. युगांडाचा अनुभव उलटे सांगतो. सरसकट सगळ्यांना बोलावण्याऐवजी अधिक धोक्याची मुले निवडून त्यांच्याच घरी लवकर जाणे हा कमी साधनांतला मार्ग आहे, आणि घरी गेलेले मूल मरू दिल्यास आधी त्याच्यावर केलेला खर्चही वाया जातो. शेवटचा आक्षेप, पालक उगाच धास्तावतील, हा. धास्ती त्यांच्या मनात आधीपासून असतेच; कशावर लक्ष ठेवायचे आणि कोणाला फोन करायचा हे कळले की तिला वाट मिळते.

सेप्सिसनंतरच्या पुनर्वसनाच्या कोणत्या पद्धती सर्वाधिक गुणकारी आहेत, याचा पुरावा अजून तोकडा आहे. पण श्रवणचाचणी, वजन, लसी, धोक्याच्या लक्षणांची ओळख आणि ठरलेली भेट यांसाठी त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक रुग्णालयाने सुटीच्या कागदावर सेप्सिसची नोंद करावी आणि त्याच दिवशी गावच्या आशा कार्यकर्तीला कळवावे. पालकांनीही तो कागद जपून ठेवावा, पुढच्या प्रत्येक तपासणीला सोबत न्यावा आणि मुलाची श्रवणचाचणी झाली आहे का, हे स्वतःहून विचारावे.