पडद्यामागचा पंच

आजचा विषय आहे एक साधा पुठ्ठ्याचा पडदा.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' किंवा तसला कुठलाही टेबलटॉप रोलप्लेइंग गेम तुम्ही खेळला असाल, तर हा पडदा पाहिलाच असेल. खेळला नसाल तर थोडक्यात सांगतो. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं. एक जण मात्र पात्र घेत नाही, तो अख्खं जग चालवतो. हा गेम मास्टर. तो पडद्यामागे बसतो. तिथे नकाशा असतो, राक्षसांचे आकडे असतात आणि फासे. आपल्याला फक्त खडखडाट ऐकू येतो आणि मग निकाल येतो: "लागला. सात पॉइंट गेले."

आता प्रश्न असा की पडद्यामागे नेमकं काय काय लपवायचा हक्क त्याला आहे? हा वाद गेमपेक्षा खूप जुना आहे, म्हणून आधी प्रशियात जाऊ.

१८२४ साली प्रशियाच्या सैन्यातल्या राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने 'क्रीगश्पील', म्हणजे युद्धखेळ, छापून आणला. वडिलांनी सुरू केलेलं काम त्याने पूर्ण केलं होतं. १:८००० प्रमाणाचा नकाशा, त्यावर लाल आणि निळ्या सोंगट्या, आणि दोन संघांच्या मध्ये एक पंच. खेळाडू हुकूम कागदावर लिहून पंचाला द्यायचे. शत्रूचं जे सैन्य प्रत्यक्षात दिसलं असतं, तेवढंच पंच नकाशावर मांडायचा. तोफा डागल्या की फासे टाकायचे आणि कोष्टकात बघायचं, किती माणसं गेली.

इथे एक गोष्ट नीट बघा. शत्रू कुठे आहे हे लपवलेलं होतं. पण नुकसान कसं मोजायचं, ते छापील पुस्तकात होतं. कुणीही वाचावं.

पुढे अधिकारी या कोष्टकांना कंटाळले. एकेका गोळीबारासाठी इतकी आकडेमोड कोण करणार? १८७६ मध्ये फॉन व्हेर्डी यांनी सरळ सांगितलं की फासे आणि कोष्टकं बाजूला ठेवा, पंचाच्या अनुभवावर सोडा. हे बोलणं पोकळ नव्हतं. ते स्वतः १८७०-७१ च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात मोल्टकेंच्या स्टाफवर होते. लढाई पाहिलेला माणूस पंच असेल, तर त्याचा अंदाज कोष्टकापेक्षा बरा असू शकतो. आणि खेळानंतर चर्चा व्हायची, कोणी काय केलं आणि निकाल असा का लागला यावर.

पण पंच अनुभवी असूनही त्याला स्वतःलाच एक निकाल हवा असेल तर?

मे १९४२. 'यामातो' या युद्धनौकेवर जपानी नौदल मिडवेच्या मोहिमेची रंगीत तालीम नकाशावर करत होतं. अध्यक्षस्थानी ॲडमिरल उगाकी, म्हणजे ज्या ताफ्याची ही योजना होती त्याचेच चीफ ऑफ स्टाफ. फुचिदा आणि ओकुमिया या दोन जपानी अधिकाऱ्यांनी युद्धानंतर लिहिलेल्या पुस्तकात हा किस्सा आहे. अमेरिकी विमानांचा हल्ला झाला, पंचाने फासे टाकले, नऊ बॉम्ब लागले. 'अकागी' आणि 'कागा' या दोन्ही विमानवाहू नौका बुडाल्या. उगाकी म्हणाले, नऊ नाही, तीनच धरा. 'अकागी' वाचली. 'कागा' बुडाली खरी, पण पुढच्या मोहिमेच्या तालमीत तीही परत हजर!

गल्ली क्रिकेटमध्ये बॅटिंग करणाऱ्या टीमचाच अंपायर असतो ना, अगदी तसं. जूनमध्ये मिडवेला जपानने चार विमानवाहू नौका गमावल्या, त्यात या दोन्ही होत्या. फासा बदलला म्हणून लढाई हरले, असं मी म्हणणार नाही. पण फाशाने दिलेला इशारा ऐकायची संधी तिथेच गेली.

आता आपल्या पडद्याकडे. पंचाची ही कल्पना अमेरिकेत पोचली ती अशाच युद्धखेळांच्या पुस्तकांतून. १९६० च्या दशकाच्या शेवटी मिनेसोटात डेव्हिड वेस्ली यांनी १८८० चं एक जुनं पुस्तक वाचून पंच असलेले खेळ सुरू केले. त्यांच्याबरोबर खेळणारे डेव्ह आर्नेसन आणि विस्कॉन्सिनचे गॅरी गायगॅक्स यांनी मिळून १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढला. पहिली आवृत्ती हजार प्रतींची.

मग मजा झाली. १९७८ मध्ये गेमच्या 'ॲडव्हान्स्ड' मालिकेतलं खेळाडूंचं पुस्तक आलं, पण हल्ला लागतो की नाही हे ठरवणारी कोष्टकं त्यात नव्हती. ती १९७९ च्या गेम मास्टरच्या पुस्तकात होती. आणि खेळाडूने ते पुस्तक बाळगणं गायगॅक्सना अजिबात मंजूर नव्हतं. म्हणजे राइसविट्झने उघडं ठेवलेलं कोष्टकही आता पडद्यामागे गेलं.

२००० च्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत बरंच उलटं झालं. लढाईचं गणित खेळाडूंच्या पुस्तकात आलं, मूळ नियम इंटरनेटवर फुकट मिळू लागले. लगेच दुसरी तक्रार सुरू झाली: खेळाडू पान नंबर दाखवून गेम मास्टरशी भांडतात! २०१० च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'ने वेगळी वाट काढली. त्यात गेम मास्टर काय करू शकतो याचीच यादी पुस्तकात आहे आणि तो स्वतः फासे टाकत नाही. अधिकार आहे, पण लिहिलेला.

मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे मला हे असं दिसतं. डेटा प्रायव्हेट असू द्या. दाराआड ड्रॅगन आहे की खजिना, हे आधीच कळलं तर खेळ कसला? पण फंक्शन कसं चालतं, ते टेबलावरच्या सगळ्यांना माहीत हवं. उडी मारायला पंधरा लागतील, हे फासा टाकायच्या आधी सांगा. मग मी उडी मारायची की नाही, हा निर्णय खरंच माझा असतो. निकाल मागाहून ठरणार असेल, तर मी खेळत नाहीये, नुसता प्रेक्षक आहे.

"पण गोष्ट रंगावी म्हणून एखादा फासा बदलला तर काय बिघडलं?" असं बरेच गेम मास्टर म्हणतात. हेतू चांगलाच असतो, आवडतं पात्र मरू नये म्हणून. उगाकींनाही आपल्या नौका आवडत होत्याच. असं करायचं असेल, तर पहिल्या सेशनला उघड सांगा आणि सगळ्यांची हो घ्या. मग तोही एक नियमच झाला.

तुमच्या टेबलावर फासे कुठे पडतात, पडद्याच्या पुढे की मागे? आणि का? नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!